अ‍ॅटलास धूमकेतू सूर्यमालेबाहेरचा आहे हे ओळखलं कसं? मुलांना मैदानात दाखवायचं आहे

फळाखडू (१२ डिसेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. महिनाभर मुलं ३आय/अ‍ॅटलासबद्दल विचारतायत. परवा एका मुलीनं उभं राहून विचारलं, "गुरुजी, आभाळात काय पाटी लावल्या व्हय, हितनं पुढं आपली सूर्यमाला म्हणून? मग ह्यो भायरचा हाय हे कुणी वळखलं?"

मी म्हणालो, त्याचा वेग फार जास्त आहे. तर म्हणाली, सूर्याजवळ आल्यावर वेग तर सगळ्याच धूमकेतूंचा वाढतो. बरोबर आहे तिचं, मीच ते शिकवलंय. पुढं मला नीट सांगता आलं नाही आणि ते तेव्हापासून मनात टोचतंय.

समीकरणं नकोत. मैदानात करून दाखवता येईल असं काही आहे का? शिवाय आमच्याकडे ७ बाय ५० ची एक द्विनेत्री आहे. गाव तालुक्यापासून लांब, आकाश चांगलं काळं असतं. तिच्यातून दिसेल का?

वांगणी_लोकल (१२ डिसेंबर, रात्री)

गुरुजी, मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. तिला माझा नमस्कार सांगा.

द्विनेत्रीचं आधी सांगून टाकतो: नाही दिसणार. मी २३ नोव्हेंबरच्या पहाटे वांगणीजवळच्या एका शेतातून १० इंची डॉबसोनियन दुर्बिणीनं पाहिला. तेव्हा तो कन्या राशीत होता. नकाशा जुळवून, तिरक्या नजरेनं बघत राहिलो तेव्हा कुठे एक धुरकट ठिपका हाती लागला. काचेवर तोंडाची वाफ सोडावी आणि ती विरत जावी, तेवढाच. शेपूट नाही, रंग नाही. तरी डोळे भरून आले. पंचवीस वर्षं आकाश बघतोय, पण शनीची कडी काय, गुरूचे चंद्र काय, आजवरचे सगळे धूमकेतू काय, सगळा सूर्याच्याच घरचा पसारा. हा बर्फ कुठल्या तरी दुसऱ्या ताऱ्याभोवती गोठलेला. सूर्यमालेचं वय ४६० कोटी वर्षं, आणि हा त्याहूनही जुना असू शकतो असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

आता वेगाचं. विहिरीचं उदाहरण घ्या. काठावरून नुसता सोडलेला दगड पाण्याला किती वेगानं भिडेल हे विहिरीच्या खोलीवर ठरतं. त्याहून जोरात भिडला तर समजायचं, वर कुणीतरी भिरकावलाय. सूर्य ही तशीच विहीर. अगदी लांबून, जवळजवळ थांबलेल्या अवस्थेतून घसरत आलेला धूमकेतू पृथ्वीइतक्या अंतरावर सेकंदाला ४२ किलोमीटरपर्यंत पोचतो, त्यापुढे नाही. अ‍ॅटलास २९ ऑक्टोबरला सूर्याच्या सर्वांत जवळ होता, साधारण २० कोटी किलोमीटरवर. तिथली मर्यादा ३६. याचा वेग होता ६८! उलटा हिशोब केला की कळतं, सूर्याची ओढ जाणवण्याआधीच याच्या अंगात सेकंदाला ५८ किलोमीटरचा वेग होता. पुणे ते सातारा दोन सेकंदांत. तुमच्या मुलीला हेच सांगा: वेग सगळ्यांचा वाढतो, पण हा येतानाच वेग घेऊन आला.

मैदानासाठी दोन खुंट्या आणि १० मीटर दोरी घ्या. दोरीची टोकं खुंट्यांना बांधा, मध्ये काठी अडकवून दोरी ताणत फिरवा, लंबवर्तुळ उमटेल. एक खुंटी म्हणजे सूर्य. खुंट्यांमधलं अंतर भागिले दोरीची लांबी, की विकेंद्रता, म्हणजे कक्षा किती लांबट आहे त्याचं माप, मिळाली. पृथ्वीची ०.०१७, म्हणजे खुंट्या १७ सेंटिमीटरवर, जवळजवळ वर्तुळच. हॅलेच्या धूमकेतूची ०.९६७, खुंट्या ९ मीटर ६७ सेंटिमीटरवर. चिंचोळी, लांबोडकी कक्षा, पण बंद. म्हणून तो परत येतो. आता अ‍ॅटलास: ६.१४. खुंट्या ६१ मीटरवर ठोका आणि त्याच दोरीनं जोडायला सांगा. दोरी पोचतच नाही. कक्षा बंद होत नाही.

सूर्यमालेबाहेरून आलेले आधीचे दोन पाहुणेही करून घ्या. २०१७ चा ओमुआमुआ १.२ आणि २०१९ चा बोरिसोव्ह ३.३६. बोरिसोव्ह हे क्रिमियातले हौशी निरीक्षक, स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्यांनी तो शोधला. हे मुलांना जरूर सांगा.

सत्तरीपार (१३ डिसेंबर)

वांगणीकर, विहीर फार आवडली. गुरुजी, माझी एक आठवण. १९६५ च्या दिवाळीच्या सुमारास इकेया-सेकी धूमकेतू पहाटे पूर्वेला दिसला होता, नुसत्या डोळ्यांनी. मी तेव्हा लहान. आजीनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, दाखवलं आणि लगेच डोळे झाकले. शेंडेनक्षत्र राजाला जड असतं म्हणाली. पुढे ११ जानेवारीला शास्त्रीजी गेले, तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. मला ती भीती घालवायला कॉलेज उजाडावं लागलं. तुमची मुलं सातवीतच खुंट्या ठोकतायत याचा मला मनापासून आनंद आहे.

फळाखडू (२१ डिसेंबर)

उशीर झाला, क्षमस्व. मंगळवारी मैदानात केलं. ६१ मीटर मोजता मोजता पोरं कुंपणाबाहेर शाळूच्या रानात गेली, दुसरी खुंटी बांधावर ठोकली. दोरी घेऊन दोघं पळाली आणि सूर्यापासून दहा मीटरवर थांबली. कुणीच काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "ह्यो माघारी न्हाय यायचा."

काल पहाटे अकरा मुलं आणि चार पालक शाळेच्या गच्चीवर आले. द्विनेत्रीतून धूमकेतू दिसला नाही, मी तसं आधीच सांगितलं होतं. पण मघा दाखवली आणि म्हटलं, तिच्याजवळ, २७ कोटी किलोमीटरवर आहे तो, आदल्याच दिवशी आपल्या सर्वांत जवळून गेला. थंडी मरणाची होती, तरी उजाडेपर्यंत कुणी खाली उतरलं नाही.

आता त्याच मुलीचा नवा प्रश्न. त्यांचा आपल्याकडं आला, तर आपला एखादा कधी त्यांच्याकडं गेलाय का?

वांगणी_लोकल (२१ डिसेंबर)

गेलाय, गुरुजी. निघालाय म्हणू. १९८० साली सापडलेला बॉवेल धूमकेतू. तो आपलाच, लाखो वर्षांच्या फेरीवरचा. त्या डिसेंबरात तो गुरूजवळून गेला आणि गुरूनं त्याला असा झोका दिला की विकेंद्रता १.०५७ झाली. मार्च १९८२ मध्ये सूर्याला वळसा घातल्यापासून तो लांबच चाललाय, परत वळणार नाही.

तिला खुंट्या १० मीटर ५७ सेंटिमीटरवर ठोकायला सांगा. दोरी सत्तावन्न सेंटिमीटरनं कमी पडेल.