क्लबच्या बाइक रॅलीला एका दिवसाचा पास असावा का?

सावंतवाडीकर
नोव्हेंबर लागला की गोव्यात बाइकवाल्यांचा सीझन सुरू होतो. रॉयल एनफिल्ड कंपनीचा मोटोव्हर्स आहे, इंडिया बाइक वीकही २०२४ पर्यंत बहुतेक वेळा गोव्यातच व्हायचा, ते मोठे आणि त्यांच्यामागे पैसा आहे, त्यांचं सोडा. मी बोलतोय क्लबांच्या रॅलीबद्दल, म्हणजे क्लबची पोरंच मैदान ठरवतात, तंबू लावतात, रात्रभर जागून बॅनर बांधतात त्या. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी एकच पद्धत, तीन दिवस दोन रात्रीचं रजिस्ट्रेशन, त्यात टी-शर्ट, पॅच, जेवण, तंबू सगळं धरून. शुक्रवारी दुपारी या नाहीतर शनिवारी चार तासांसाठी या, पैसे तेवढेच.

आम्हाला सावंतवाडीहून म्हापसा पन्नासेक किलोमीटर. बांदा सोडलं, पत्रादेवी ओलांडलं की गोवा. रात्री घरी जाऊन झोपणाऱ्या माणसाने तंबूचे पैसे का भरायचे?

गेल्या खेपेला एका रॅलीच्या गेटवर बघितलेलं सांगतो. कुडाळकडचे एक काका, साठीच्या पुढचे, जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटवर आले होते, सोबत मुलगा नव्या हंटर बाइकवर. काकांनी विचारलं, फक्त आजचा दिवस बघून संध्याकाळी परत जायचंय, किती द्यायचे. गेटवरचा पोरगा बिचारा नम्रपणे म्हणाला, काका पूर्ण पॅकेजच आहे. दोघांनी बाहेर झाडाखाली गाड्या लावल्या आणि जाळीतून स्लो रेस, म्हणजे पाय न टेकता सगळ्यात हळू चालवायची शर्यत, बघत उभे राहिले. थोड्या वेळाने काय झालं, आतले लोकच बाहेर यायला लागले काकांची बुलेट बघायला. एकजण गुडघ्यावर बसून उजव्या बाजूचा गिअर आणि त्याच्यावरचा न्यूट्रल फाइंडर, म्हणजे गाडी थेट न्यूट्रलला आणणारा छोटा दांडा, बघत होता, काका त्याला टाचेने दाबून दाखवत होते. रॅली ज्यासाठी भरते ते जाळीच्या बाहेर चाललं होतं! एका दिवसाचा पास असता तर तो माणूस सन्मानाने आत असता. माझं स्पष्ट मत, पास हवाच.

उजवा_गिअर (पुणे)
काकांना आत घ्यायला हवं होतं, शंभर टक्के. पण एका माणसावरून नियम करू नका. मी यजमान क्लबात काम केलंय म्हणून हिशोब मांडतो. मैदानाचं भाडं, जनरेटर, फिरती टॉयलेट, अ‍ॅम्ब्युलन्स, स्टेज, परवानग्या, हा खर्च माणसं किती आली त्यावर ठरत नाही, तो आधीच गळ्यात असतो. समजा तो ६ लाख. समजा ३०० जण, प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे ९ लाख जमा, त्यातले माणशी १,००० जेवण आणि टी-शर्टला. बरोबर काठावर बसतं. आता त्यातल्या १०० जणांनी ८०० रुपयांचा दिवसाचा पास घेतला तर जमा ६ लाख ८० हजार. खर्च ६ लाख अधिक २ लाख, वर त्या शंभरांचं दुपारचं जेवण ३० हजार. दीड लाखाचा खड्डा, आणि तो कुठली कंपनी भरत नाही, क्लबचे दहा-बारा सभासद खिशातून भरतात.

दुसरं म्हणजे सगळे शनिवारच मागणार. शुक्रवार ओस, शनिवारी झुंबड, रविवारी तर सकाळी नाश्ता झाला की लांबचे लोक तसेही निघतात.

आणि तिसरं, माझ्यासाठी हेच मोठं. नागपूरहून पोरं हजारभर किलोमीटर चालवून येतात. शुक्रवारी रात्री हेल्मेट काढून, धुळीने माखलेले, अनोळखी क्लबच्या तंबूत चहाला बसतात. कुणाची क्लच केबल तुटलेली असते, कोण आपल्या बॅगेतली काढून देतो. तिथून ओळखी होतात त्या वीस वीस वर्षं टिकतात. शनिवारी अकराला येऊन चारला जाणाऱ्याला यातलं काय मिळणार? त्याच्यासाठी ते प्रदर्शन होतं.

रायडर_ताई_ठाणे
दादा, तुमचा आदर ठेवून सांगते, ती शुक्रवारची रात्र सगळ्यांना मिळते असं तुम्ही धरून चाललाय. माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या मुलींना दोन रात्री घराबाहेर, तंबूत, असं म्हटलं की घरी विषयच संपतो. कुणाचं बाळ लहान आहे, कुणाच्या सासूबाई आजारी. २०२१ ला इंडिया बाइक वीक गोव्याऐवजी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत झाला ना, तेव्हा पहिल्यांदा आमच्यात चर्चा झाली की अरे हे तर सकाळी निघून रात्री घरी येण्यासारखं अंतर आहे. एक्स्प्रेसवेवर आपल्याला बंदी, तरी जुन्या हायवेने खोपोलीवरून घाट चढायचा, काही अवघड नाही. क्लबच्या रॅलीपण लोणावळा, अलिबाग, माळशेजकडे होतात, तिथे एका दिवसाचा पास नसेल तर बायका येणारच नाहीत आणि मग तुम्हीच म्हणणार की बायका का येत नाहीत. आधी एक दिवस येऊ दे, माणसं कशी आहेत ते बघू दे, जागा सुरक्षित वाटली तर पुढच्या वर्षी ती मुलगी स्वतःचा तंबू घेऊन येईल.

चोर्लाघाट (बेळगाव)
मी विरोधात. पैशाचं मला काही नाही, परतीच्या रस्त्याचं आहे. बेळगाव ते पणजी चोर्ला घाटातून शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे आमच्याकडचे सगळे एक दिवसाचाच पास घेणार आणि रात्री घाटातून परत येणार. दिवसभर उन्हात, पोटभर जेवण, काहीजण बिअर पिलेले, आणि मग अंधारात वळणं. दिवे नाहीत, मध्ये मोबाइलला रेंज नाही, डिसेंबरात धुकं उतरतं. अशाच एका कार्यक्रमाहून येताना मला वळणावर दोन पोरं पडलेली सापडली. बारीक खडी होती रस्त्यावर, पुढचं चाक गेलं. मागच्याचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं. फोन लागेना, एक टेम्पो येईपर्यंत मी टॉर्च हलवत वळणावर उभा होतो, मागून ट्रक येईल या भीतीने. वाचली दोघंही, पण त्या दिवसापासून मला वाटतं की तंबू हा चैनीचा भाग नाहीच, रात्री गाडी चालवायला लागू नये म्हणून तो आहे. आयोजक एका दिवसाचा पास देतो तेव्हा तो माणसाला रात्री घाटात ढकलतो.

म्हापसेकर
मी बाइकवाला नाही पण हे कार्यक्रम आमच्या दारात होतात म्हणून लिहितो. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. तरी दहानंतर तंबूतून बाहेर पडून रस्त्यावर सायलेन्सर फोडत फिरणारे असतात आणि ते राहायला आलेलेच असतात. दिवसा येऊन दिवसा जाणाऱ्यांचा मला त्रास नाही. मात्र वागातोर, अंजुणेचे आतले रस्ते अरुंद आहेत, पासची संख्या ठरवताना आधी गाड्या लावायची जागा मोजा, आमच्या गेटसमोर नको.

येझदीप्रेमी (कोल्हापूर)
मी सावंतवाडीकरांच्या बाजूने. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जुन्या जावा-येझदी बाइकवाले गावोगाव जमतात, सकाळी यायचं, गाड्या ओळीने लावायच्या, गप्पा, नाश्ता, दुपारपर्यंत घरी. तिथे जो कुतूहलाने येतो तो पुढच्या वर्षी कुणाच्यातरी गोठ्यात पडलेली येझदी दुरुस्त करून घेऊन येतो, हे मी डोळ्याने बघितलंय. या गाड्यांचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. आज त्या इंजिनांचं ज्ञान कंपनीकडे नाही, ते आहे आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांकडे. हातात एक फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घेऊन इग्निशनच्या पॉइंटची गॅप लावतात आणि कान लावून सांगतात ठिणगीचं टायमिंग पुढे आहे का मागे. असा माणूस तीन दिवस गॅरेज बंद ठेवून तुमच्या रॅलीला येणार आहे का? त्याला एक दिवस बोलवा, पासही नको, मान द्या, एका टेबलावर बसवा. पोरांची रांग लागेल.

उजवा_गिअर यांना एकच सांगतो, बुलेट क्लबांच्या रायडर मेनियाचं यजमानपद दरवर्षी वेगवेगळ्या क्लबकडे जातं, त्यामुळे तो देशभर फिरतो. ज्या भागात जाईल तिथल्या लोकांना आत घेतलं नाही तर फिरवायचा कशाला?

डॅलसचा_कोल्हापूरकर
इकडचं एक उदाहरण. अमेरिकेत साउथ डाकोटातल्या स्टर्जिस गावात बाइक रॅली १९३८ पासून भरतेय, सुरुवात जॅकपाइन जिप्सीज या क्लबनेच केली. गावाच्या रस्त्यावर यायला तिकीट नाही. राहायचं असेल तर कॅम्पग्राउंडचे पैसे वेगळे, शो बघायचा तर तो वेगळा. अर्थात तिथे सगळं गाव त्यावर चालतं, आपल्या क्लबला ते जमणार नाही हे मान्य. पण राहणं आणि येणं ही दोन बिलं वेगळी असू शकतात एवढं तरी घ्या.

सावंतवाडीकर
उजवा_गिअर, तुमच्या हिशोबात एक गृहीत आहे, की १०० जण मोठ्या पावतीवरून छोट्या पावतीवर सरकतील. कोण सरकणार? नागपूर, मुंबई, पुण्याचा माणूस सरकूच शकत नाही, त्याला रात्री कुठेतरी झोपायचंच आहे आणि सीझनला गोव्यातली खोली तुमच्या तंबूपेक्षा महाग. सरकतील ते आमच्यासारखे जवळचे, आणि जवळचे आज येतच नाहीत. म्हणजे तुमचे ३०० तसेच राहतील आणि वर १०० नवीन. ८०० प्रमाणे ८० हजार जमा, जेवण ३० हजार, क्लबला ५० हजार उरले. त्यात जनरेटरचं डिझेल निघेल.

शनिवारच्या झुंबडीचं म्हणणं पटलं. शुक्रवारचा पास स्वस्त ठेवा आणि स्लो रेसच्या फेऱ्या शुक्रवारीच सुरू करा, लोक येतील. दिवसाच्या पासवर टी-शर्ट नाही, तंबूच्या भागात जायचं नाही, दारू मिळायची नाही.

उजवा_गिअर (पुणे)
सगळे ३०० तसेच राहतील हे तुमचंही गृहीतच आहे हां. कोल्हापूरवाला मधला आहे, तो सरकेल. तरीपण करायचं तर माझ्या अटी अशा. गेटवर विक्री अजिबात नाही, आठ दिवस आधी नाव आणि गाडीचा नंबर. हेल्मेट, जॅकेट, बूट नसतील तर पास असला तरी परत. सायलेन्सर कंपनीचाच. आणि कुठल्यातरी क्लबच्या सभासदाने ओळख द्यायची.

रायडर_ताई_ठाणे
ओळखीची अट काढा. जिची कुठल्याच क्लबमध्ये ओळख नाही तिच्यासाठीच तर हे चाललंय.

सावंतवाडीकर
हेच म्हणतो. आणि आठ दिवस आधी नाव दुकानदार माणूस देऊ शकत नाही, त्याला शुक्रवारी रात्री कळतं उद्या निघता येईल का. थोडे पास गेटवर ठेवाच, वीस का असेनात. कुडाळचे काका आठ दिवस आधी ऑनलाइन फॉर्म भरणारे नव्हते. गेटवर माणूस कमी पडत असेल तर सावंतवाडी-कुडाळची आम्ही पोरं उभी राहतो, हेल्मेट तपासणार, पाच वाजता सगळ्यांना बाहेर काढणार, हे लिहून देतो.

चोर्लाघाट (बेळगाव)
पाच तुमच्यासाठी ठीक, तुम्ही साडेसहाला घरी. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, आमचा माणूस पाचला निघाला तर घाट पूर्ण अंधारात येतो. बेळगाव आणि कोल्हापूरच्या नंबरच्या गाड्यांना तीनला बाहेर, त्यांच्या पासवर तसं छापायचं. एवढं करणार असाल तर माझा विरोध मागे, नाहीतर नाही.