पोर्तुगाल, सात रात्री: शहर, किनारा आणि बेट, आई-बाबांसह कसं बसवावं?

म्हापशेकर
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोर्तुगालला जायचं ठरतंय. हाताशी सात रात्री. बरोबर आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास. बाबा भरपूर चालतात, आईला गुडघ्यामुळे जिने जड जातात. एजंटने पोर्तोत दोन, लिस्बनला दोन, लागोसला एक आणि शेवटी मदेइरा बेटावर दोन रात्री अशी आखणी दिली आहे. मदेइराहून लिस्बनला उतरलं की तीन तासांनी परतीचं विमान, तेही वेगळ्या तिकिटावर. हे झेपेल का? गाडी भाड्याने घ्यावी का? आणि व्हिसाचं पणजीतच होईल ना?

मांडवीकाठ
शेवटचा टप्पा आधी बदला. मदेइरातला फुंशालचा विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. आडवा वारा मर्यादेबाहेर गेला की विमानं उतरत नाहीत. शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर वळवतात किंवा लिस्बनला परत नेतात. त्या दिवशी तुमचं गोव्याचं विमान चुकलं तर, तिकीट वेगळं असल्यामुळे, दुसरी कंपनी जबाबदारी घेणार नाही. बेट कुठलंही असो, ते सहलीच्या मधे ठेवा. शेवटची रात्र जिथून उड्डाण आहे त्याच शहरात.

दुसरं, सात रात्रींत चार मुक्काम फार झाले. खोली अकराला सोडायची, पुढची तीनला मिळणार. प्रत्येक बदलाला अर्धा दिवस जातो आणि बॅगा ओढायचं काम वेगळंच. मी असं बसवीन: लिस्बन दोन रात्री, ताविरा तीन, पुन्हा लिस्बन दोन.

पोर्तो या खेपेला सोडा. लिस्बनहून वेगवान गाडीनेही जायला जवळपास तीन तास लागतात, म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन करण्याजोगं नाही. शिवाय 23 जूनच्या रात्री तिथे सां जुआंव, म्हणजे आपल्या गोव्यातला सांजावचा सण. अख्खं शहर रस्त्यावर असतं, प्लास्टिकच्या हातोड्या घेऊन एकमेकांच्या डोक्यावर टपटप मारतात. खोल्यांचे दर चढतात. तो सण बघायचाच असेल तर सहल त्याच्याभोवती आखावी, वाटेत उरकू नये.

ताविरा का, ते सांगतो. लागोस आणि ताविरा दोन्ही दक्षिणेच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावर. लागोसच्या बाजूला उंच कडे आहेत आणि बऱ्याच पुळणींवर जिने उतरून जावं लागतं. ताविरा सपाट आहे आणि समोरच वाळूचं लांबलचक बेट. उन्हाळ्यात गावातूनच फेरीबोट मिळते. नाहीतर दोनेक किलोमीटरवरच्या क्वात्रो आग्वास धक्क्यावरून पाच मिनिटांत पलीकडे. आईंसाठी मात्र जवळचीच बार्रिलची पुळण सोयीची. पेद्राश द एल रेय येथे छोटा पूल ओलांडला की एक लहानशी आगगाडी थेट पुळणीपर्यंत नेते. तिथे वाळूत मासेमारीच्या जुन्या गंजक्या लोखंडी नांगरांच्या रांगा आहेत. ट्यूना धरणाऱ्यांची ती वस्ती होती. मासा कमी झाला, धंदा बंद पडला, नांगर तिथेच राहिले. आपल्याकडच्या रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, हे बघताना काय वाटेल, असा विचार मनात येतोच.

सडेकर_वास्को
मांडवीकाठांशी सहमत, पण समुद्राबद्दल आधीच सांगून ठेवा. आपल्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला अटलांटिकचा पहिला पाय धक्का देतो. कॅशकाइश, पेनिश या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं, त्यामुळे ऐन ऑगस्टातही ते अठरा अंशांच्या आसपास राहतं. ताविराकडे तो वारा सरळ लागत नाही, पाणी दोन-चार अंशांनी उबदार. आणखी एक: आल्गार्व्हच्याच किनाऱ्यावरच्या बेनागिलच्या समुद्रगुहेचे फोटो पाहून जाल, तर आता तिथे पोहत जायला आणि आत वाळूवर उतरायला बंदी आहे. होडीतूनच बघायची.

गाडी घेऊ नका. लिस्बनला पार्किंगची कटकट, रस्त्याची बाजू उलटी, आणि ताविराला रेल्वे जाते. लिस्बनच्या ओरिएन्ते स्टेशनवरून आल्गार्व्हमधलं फारो शहर सुमारे तीन तास, तिथे बदलून ताविरा चाळीसेक मिनिटं. पासष्टच्या वरच्यांना रेल्वेत अर्धं तिकीट. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवायचा.

म्हापशेकर
मनापासून आभार. मदेइरा कापलं. लिस्बनमध्ये खोली कुठे घ्यावी? लिस्बनजवळचं राजवाड्यांचं डोंगराळ गाव सिंत्रा आईला जमेल का?

मांडवीकाठ
बाइशा किंवा आवेनिदा द लिबेर्दाद. दोन्हीकडे बऱ्यापैकी सपाट आहे. आल्फामा ही जुनी वस्ती सुंदर, पण सगळा चढ आणि पायऱ्या. तिथे फिरायला जा, राहायला नको. बुकिंगआधी लिफ्ट आहे का ते लिहून विचारा, जुन्या इमारतींत बहुधा नसते. फुटपाथ चुनखडीच्या छोट्या दगडांचे आणि झिजून गुळगुळीत झालेले असतात, तेव्हा रबरी तळव्याचे बूट हवेतच.

सिंत्रा जमेल, पण पेना राजवाड्याचं तिकीट सकाळच्या पहिल्या वेळेचं काढा. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून वर चढ आहे, म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि आईंना बागेतल्या छोट्या बसने वर न्या. रोसिओ स्टेशनहून सिंत्रा चाळीस मिनिटं. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद, त्या दिवशी बेलें ठेवू नका.

फोंड्याची_शमा
व्हिसाचं बघा. पोर्तुगालचा अर्ज पणजीत देता येतो. शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) नियम असा की जिथे जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. तुमचा एकच देश, त्यामुळे प्रश्न नाही. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान 15 दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, अडलं तर 45. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच द्या. शुल्क मोठ्यांना 90 युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राची सेवा-फी वेगळी. विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी. पाच वर्षांच्या आत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत, तरी जुन्या व्हिशाची प्रत जोडा.

जेवणाचं: टेबलावर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं; नको असेल तर हात न लावता परत पाठवा. बरीच स्वयंपाकघरं दुपारी तीन ते सात बंद असतात. आई-बाबा सोमवार पाळत असतील तर काल्दु व्हेर्दे सूप मागवताना सांभाळा, पालेभाजीचं दिसतं पण वर चोरिसाचा (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा) तुकडा असतो.

सडेकर_वास्को
रेल्वेची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. निघायच्या आठवड्यात संपाची सूचना आहे का तेही पाहा, पोर्तुगीजमध्ये ग्रेव्ह म्हणतात. संप आधी जाहीर होतो. गाडी रद्द दिसली तर लिस्बनच्या सेते रिओश किंवा ओरिएन्तेहून आल्गार्व्हला बस मिळते, फक्त जागा लगेच धरा, कारण त्या दिवशी सगळेच तिकडे वळतात.