फ्यूज उलटा म्हणजे कसा हो?

ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात सोन्याचा मुलामा दिलेला महागडा फ्यूज घातल्यावर गाण्यातला तानपुरा मोकळा ऐकू आला आणि फ्यूजवरचा दिशेचा बाण उलटा लावला तर आवाज बसला, असा दावा इथे एकाने केलाय. पण घरातला वीजप्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो, म्हणजे 100 वेळा दिशा बदलतो. बाणाने बाजू कोणाची घ्यायची?

फरक ऐकूच आला नाही, असं मात्र म्हणणार नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत फ्यूजहोल्डरच्या पट्ट्या काळवंडतात. माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाटेवर फ्यूज आहेत, तिथे खरखर यायची. प्लग काढून पट्ट्या पुसल्या, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले साधे काचेचे फ्यूज घातले, खरखर गायब! नवा महागडा फ्यूज बसवतानाही पट्ट्या घासल्या जातातच की.

स्पीकरच्या वाटेवरच्या फ्यूजबद्दल थोडं तथ्य आहे. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि खर्जाला मोठ्या आवाजात किंचित विकृती मोजता येते. मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या वाटेवरच्या फ्यूजला ते लागू नाही. त्याच्यामागे भिंतीतली कित्येक मीटर साधी वायर असतेच.

बदलायचाच तर 'टी'च्या (सावकाश उडणाऱ्या फ्यूजच्या) जागी 'टी'च, अँपिअर तेवढेच. सारखा उडतो म्हणून जास्तीचा घालू नका, मग ट्रान्सफॉर्मरच फ्यूजचं काम करतो, म्हणजे तोच जळतो.