प्रिंट विकताना सही पुढे, मागे, की नकोच?

सावलीचा_माग (धागाकर्ता)

मी स्वतःचे फोटो स्वतःच प्रिंट करून विकतो, फार नाही, पण नियमित. मागच्या प्रदर्शनात एका बाईंनी माझी प्रिंट हातात घेतली, सरळ उलटी केली आणि विचारलं, हा फोटो कधीचा, छापलाय कधी, कागद कुठला, अशा किती काढल्यात? सगळं मला तोंडपाठ होतं, पण मागे कागद कोरा. आणि पुढे उजव्या कोपऱ्यात थेट फोटोवर चंदेरी मार्करने माझी भलीमोठी सही. त्यांनी प्रिंट खाली ठेवली आणि गेल्या. मला राग नाही आला, लाज वाटली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सही फोटोवर नकोच. हवी तर खालच्या पांढऱ्या बॉर्डरमध्ये बारीक, पेन्सिलने. आणि मागे मात्र सगळं लिहायचं: नाव, शीर्षक, फोटो काढल्याचं वर्ष, प्रिंट केल्याचं वर्ष, कागद, पद्धत, कितवी प्रिंट. सही ही आपल्या हौसेची गोष्ट आहे, लेबल हा घेणाऱ्याचा हक्क आहे. तुम्ही काय करता?

भिंतवेडी

असहमत, आणि जरा जोरातच असहमत. मी प्रिंट विकत घेणारी आहे, काढणारी नाही. फ्रेम भिंतीवर गेली की पाठ कोण बघतंय? मला रोज दिसतो तो पुढचा भाग, आणि तिथे हाताने केलेली सही असली की ही वस्तू त्या माणसाच्या हातातून गेलीय असं वाटतं, नाहीतर पोस्टर आणि प्रिंट यात माझ्यासारखीला फरक काय कळणार? फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ खालच्या बॉर्डरमध्ये शाईने सही करायचे आणि शेजारी शाई न लावता कागदात दाबून उठवलेला शिक्का असायचा, त्यामुळे फोटोचं काही बिघडलं नाही. तुमची चूक सही पुढे केली ही नाही, मार्करने फोटोवर केली ही आहे. दोन्ही एकत्र करू नका.

सावलीचा_माग

मान्य, बॉर्डरमधल्या सहीला माझा विरोध नाहीच. पण मॅट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावताना फ्रेमवाला बॉर्डर झाकतो आणि सही आत जाते, मग लोक म्हणतात फोटोवरच करा. तिथून घसरण सुरू होते.

भिंतवेडी

मग मॅटची खिडकी थोडी मोठी कापायला सांगा ना, सहीपुरती जागा खाली सोडून. त्यात अवघड काय आहे?

फायबरप्रेमी

पुढे-मागे नंतर भांडा, आधी कशाने लिहिताय ते बघा, कारण नुकसान तिथे होतं. पेन्सिल म्हणजे ग्राफाइट, ते उडत नाही, फुटत नाही, पाण्याने ओघळत नाही. फायबर कागदाच्या (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) पाठीवर आणि बिनचकाकीच्या कॉटन कागदावर मऊ पेन्सिल उत्तम. आरसी (रेझिन-कोटेड) कागदाला मात्र दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, त्यावर साधी पेन्सिल उमटत नाही, म्हणून लोक दाबून लिहितात आणि पुढच्या बाजूला अक्षरांचे उंचवटे येतात. बॉलपेननेही तेच. तिथे पिग्मेंट शाईचं (न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई) बारीक पेन घ्या आणि पूर्ण वाळू द्या, ओली शाई गठ्ठ्यात ठेवली की खालच्या प्रिंटच्या तोंडावर छापली जाते, माझ्या दोन प्रिंट अशाच गेल्यात. सॉल्व्हंटवाला मार्कर तर नकोच नको, तो पाठीवरून पुढे झिरपू शकतो.

आणि लिहायचं कुठे, तर बॉर्डरच्या मागच्या पट्टीत, प्रिंट काचेवर पालथी ठेवून, फोटोच्या बरोबर मागे नाही. चिकटवायचं लेबल असेल तर ते फ्रेमच्या पाठच्या बोर्डावर, प्रिंटवर कधीच नाही, गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि डाग पुढे येतो. प्रिंटला लागून राहणारा कागद, गोंद, शाई फोटोला घातक आहे का हे तपासायची चाचणीच आहे, आयएसओ १८९१६, आणि चांगल्या मालावर ती पास असल्याचं लिहिलेलं असतं. तेवढं बघून घ्या.

पाठकोरा

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे, प्रिंटवर काहीच लिहू नये. वेगळं सर्टिफिकेट द्या, त्यावर सही, तारीख, शिक्का काय हवं ते घाला. आपण महिनाभर टोन जुळवायचे, काळ्यातला तपशील वाचवायचा आणि शेवटी त्याच कागदावर खरडायचं, हे मला पटतच नाही.

जुनी_निगेटिव्ह

पाठकोरा, सर्टिफिकेट आणि प्रिंट यांची ताटातूट व्हायला एक घरबदल पुरतो. प्रिंट भिंतीवर राहते, कागद कुठल्यातरी फाईलमध्ये जातो, आणि दहा वर्षांनी कोणता कागद कोणत्या प्रिंटचा हे कुणालाच माहीत नसतं. निदान एकच नंबर दोन्हीकडे हवा. एका कागद कंपनीचे होलोग्राम जोडीने मिळतात, एक प्रिंटच्या पाठीला आणि दुसरा सर्टिफिकेटला, नंबर तोच, त्यामागे हाच विचार आहे.

पण मला बोलायचंय तारखेबद्दल. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचा, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो सगळ्यांना माहीत असेल. इतका काटेकोर माणूस, एक्स्पोजरचा हिशोब आयुष्यभर शिकवला, पण त्या फोटोची तारीखच त्याने नोंदवली नव्हती, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वर्षं सांगितली गेली. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी चंद्राची जागा मोजून तारीख काढली, आधी ३१ ऑक्टोबर १९४१ आली, मग १९९१ मध्ये गणित सुधारून १ नोव्हेंबर १९४१. त्याच्या फोटोत चंद्र होता म्हणून जमलं, आपल्या फोटोत काय असणार आहे?

आणि दुसरी तारीखही तितकीच महत्त्वाची. हीच निगेटिव्ह त्याने पुढे कित्येक वर्षं शेकडो वेळा छापली, सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या रेघा दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळपास काळं. निगेटिव्ह एक, पण प्रिंट म्हणून या वेगळ्या वस्तू आहेत. नुसतं १९४१ लिहिलं तर घेणाऱ्याला अर्धंच सांगितलं. धागाकर्त्याला दोन्ही वर्षांबद्दल पूर्ण अनुमोदन.

भिंतवेडी

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण मग सहीचं काय? तुम्ही सगळे सहीला दुय्यम करताय, आणि घेणारा तर सहीलाच पुरावा मानतो.

जुनी_निगेटिव्ह

तिथेच गडबड आहे. लुईस हाईन, बालमजुरांचे फोटो काढणारा, १९४० मध्ये गेला. त्याची सही आणि शिक्का असलेल्या, त्याच्याच हातच्या म्हणून विकलेल्या बऱ्याच प्रिंट पुढे १९९० च्या दशकात संशयात आल्या, कारण कागद अतिनील दिव्याखाली चमकत होता. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं फोटोच्या कागदात १९५० च्या दशकात आली, म्हणजे माणूस गेल्यानंतर. सही बघून लोक फसले, खरं काय ते कागदाने सांगितलं. उलट जुन्या पॅरिसचे फोटो काढणारा आत्जे बघा, त्याच्या कितीतरी प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलने जागेचं नाव आणि निगेटिव्हचा नंबर असतो, बस, आणि तेवढ्यावर अभ्यासक आज त्याचं काम क्रमाने लावतात.

पाठकोरा

लेबलवरही खोटं लिहिता येतंच की.

जुनी_निगेटिव्ह

येतं, पण लेबलवरचं विधान पडताळता येतं. अमुक वर्षी, अमुक कागदावर म्हटलं की ते तपासायला काहीतरी हाती असतं, नुसत्या सहीत तपासणार काय?

एकच_प्रत

नंबराबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलतो. ३/२५, म्हणजे पंचवीस प्रिंटच्या आवृत्तीतली तिसरी, वगैरे लिहिणं मला मुळात अप्रामाणिक वाटतं. एचिंगची (धातूवर चित्र कोरून छापायची पद्धत) तांब्याची प्लेट झिजते, पहिला ठसा आणि शंभरावा यात फरक पडतो, तिथे नंबराला अर्थ होता. निगेटिव्ह छापून झिजत नाही, फाईल तर नाहीच नाही. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टननेही पन्नासची मर्यादा घालून नंबर टाकून पाहिले, पण क्वचितच एखादी आवृत्ती पन्नासपर्यंत गेली. म्हणजे खाली लिहिलेला ५० हा आकडा कागदावरच राहिला.

फायबरप्रेमी

झिजण्याचा मुद्दा बरोबर, पण नंबर झिजण्यासाठी नाहीच, तो शब्द दिलेला असतो. पंचवीसच्या वर काढणार नाही म्हटलं तर काढायची नाही.

एकच_प्रत

मग तो शब्द नेमका कशाबद्दल दिलाय ते तरी लिहा! अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगलस्टनचे रंगीत फोटो आधी डाय ट्रान्सफर पद्धतीने (एकेक रंग कागदावर उतरवायची जुनी पद्धत) मर्यादित संख्येत विकले गेले होते, २०१२ मध्ये त्यातले काही मोठ्या आकारात डिजिटल पिग्मेंट प्रिंट होऊन लिलावात आले. जुन्या प्रिंट घेतलेला संग्राहक कोर्टात गेला आणि २०१३ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला, आकार वेगळा, पद्धत वेगळी, म्हणून ही आवृत्ती वेगळी. कायद्याने ठीक असेल, पण घेताना त्या माणसाला काय वाटलं असेल? म्हणून म्हणतो, नंबर टाकायचाच तर शेजारी स्पष्ट लिहा, या आकारात पंचवीस, की कुठल्याही आकारात मिळून पंचवीस.

भिंतवेडी

हे मात्र शंभर टक्के पटलं. मी आजवर एकदाही हे विचारलेलं नाही, आता घरातली प्रत्येक फ्रेम उलटी करून बघणार आहे.

सावलीचा_माग

बऱ्याच गोष्टी कळल्या, आभार. माझी एक खरी अडचण सांगतो. एका फोटोच्या सात प्रिंट मी आधीच विकल्यात, नंबर न टाकता, मागे कोऱ्या. आता त्याच फोटोची पंचवीसची आवृत्ती करायची असेल तर सुरुवात १/२५ पासून केली तर चालेल?

एकच_प्रत

नाही. सात गेल्यात, आठपासून सुरू कर.

पाठकोरा

पण त्या सातांवर नंबर नाही, मग आठवी घेणाऱ्याला आधीच्या कुठे आहेत हे कसं कळणार? त्यापेक्षा हा फोटो बिननंबरी ठेव आणि तसंच लिही.

फायबरप्रेमी

वही आहे का तुझ्याकडे? कुठली प्रिंट, कधी, कोणाला? नसेल तर आजच सुरू कर, ज्यांचे पत्ते आहेत त्यांना कळव, आणि जमत असेल तर प्रिंट मागवून मागे पेन्सिलने लिहून परत दे. फ्रेममधून काढायची त्यांची तयारी नसेल तर लेबल पाठव, पाठच्या बोर्डाला लावतील.

सावलीचा_माग

सातांपैकी पाच जणांचे पत्ते आहेत. आज रात्री त्यांना लिहितो. उरलेल्या दोन रोखीत गेल्या, कोणाकडे आहेत माहीत नाही, पण वहीत त्यांच्या दोन ओळी रिकाम्या ठेवतोय. आठवीच्या मागे लिहीन की आधीच्या सात बिननंबरी आहेत.

भिंतवेडी

आणि सही पुढे कर. बॉर्डरमध्ये. पेन्सिलने. एवढं माझं ऐकच.