मदत हवी आहे: कॅटोकाला पतंगांच्या नावांतले कंस आणि बदललेलं कुळ

मंडळी, आम्ही पेनसिल्व्हेनियात असतो. ऑगस्टपासून अंगणातल्या झाडाला बिअर, गूळ आणि काळं पडलेलं केळं कालवून फासायचं आणि रात्री टॉर्च घेऊन पतंग बघायचे, हे वेड लागलंय. (शेजारी काय समजतात ते विचारू नका.) येतात ते बहुतेक कॅटोकाला. बसला की सालीचा तुकडाच वाटतो. पंख उघडले की मागची जोडी नारिंगी, गुलाबी, नाहीतर काळीकुळकुळीत. ग्रीक नावाचा अर्थही 'खालून सुंदर'.

लेकीला शाळेसाठी फोटोंचा तक्ता करायचाय आणि लेबलांपाशी अडलोय. जुन्या पुस्तकात कुळ नॉक्टुइडी, ॲपमध्ये एरेबिडी. कुठलं लिहू?

शिवाय 'कॅटोकाला विडुआ (जे. ई. स्मिथ, १७९७)' कंसात, पण 'कॅटोकाला रेलिक्टा वॉकर, १८५८' बिनकंसाचं. छपाईची चूक म्हणावी, तर सगळीकडे तसंच आहे.

आणि विडुआ म्हणजे विधवा, रेलिक्टा म्हणजे टाकलेली! रेलिक्टाचे पुढचे पंख पांढरे, म्हणून लेकीला हे नाव पटलंही. पण ही असली नावं कुणी ठेवली?

प्रतिसाद:
एरेबिडीच लिहा. डीएनए अभ्यासांनंतर नॉक्टुइडीचं जुनं गाठोडं सोडावं लागलं. उत्तर अमेरिकेच्या २०१० च्या यादीत कॅटोकाला एरेबिडीत आहे. अडीचशेहून जास्त जातींची ही प्रजाती तशीच राहिली, वरची पाटी बदलली.

कंस म्हणजे सासरी आलेली. स्मिथने विडुआचं वर्णन फॅलीना या प्रजातीत केलं होतं, नंतर ती कॅटोकालात आली. नाव देणारा आणि साल माहेरचंच राहतं, फक्त कंसात जातं. रेलिक्टा जन्मली तीच कॅटोकालात, म्हणून कंस नाही.

नावांची सुरुवात लिनियसची, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाची: १७५८ मध्ये पॅक्टा, म्हणजे वाङ्निश्चय झालेली, १७६७ मध्ये स्पॉन्सा आणि नुप्टा, नवरी आणि विवाहिता. पुढच्यांनी तीच री ओढली. अमेरिकेतल्या काळ्या पंखांच्या वाट्याला दुःख आलं: विडुआ, लॅक्रिमोसा (अश्रूंनी भरलेली), इन्सोलॅबिलिस (सांत्वनापलीकडची). युरोपात शोकाचा रंग काळा ना! अर्थ आवडला नाही म्हणून शास्त्रीय नाव बदलता येत नाही. मराठी नावाला मात्र असला नियम नाही, लेकीला हवं ते ठेवू द्या.

धागाकर्ता:
आभार! आता गुलाबी पंखांची 'अमाट्रिक्स (ह्यूब्नर, १८१३)'. अर्थ प्रेयसी, आणि नाव कंसात. लेक म्हणते, म्हणजे हिचंही लग्न दुसऱ्याच घरी लागलं.