थॉथ टॅरो आणि आत्मपरीक्षण: पत्त्यावर छापलेल्या शब्दाचे काय करावे?

प्रश्न
भविष्य जाणून घेण्यात मला रस नाही. आपल्या मनात काय चालले आहे हे तपासण्यासाठी मी थॉथ टॅरो हा चित्रपत्त्यांचा संच वापरते, एक पत्ता काढून त्यावर वहीत लिहिते. अडचण अशी, की लहान, म्हणजे क्रमांकांच्या पत्त्यांच्या तळाशी ‘क्रुएल्टी’ (क्रौर्य), ‘डिसअपॉइंटमेंट’ (निराशा) असे शब्द छापलेले आहेत आणि ते नजरेस पडताच सगळे लिखाण त्यांच्यामागे फरफटत जाते. कब्बाला (ज्यू परंपरेतली गूढविद्या) आणि ज्योतिष शिकल्याशिवाय या संचाचा उपयोग नाही का? त्यापेक्षा रायडर-वेट हा दुसरा टॅरो संच बरा का?

प्रतिसाद १
रायडर-वेटमध्ये (१९०९) पामेला कोलमन स्मिथ यांनी लहान पत्त्यांवरही माणसे आणि प्रसंग रंगवले, त्यामुळे तिथे गोष्ट आयती मिळते. इंग्रज गूढविद्या-अभ्यासक अलिस्टर क्रॉली यांच्या मार्गदर्शनाखाली लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेल्या थॉथमध्ये मात्र लहान पत्त्यांवर केवळ आकार, रंग आणि चिन्हे आहेत. माझ्या मते आत्मपरीक्षणाला हेच सोयीचे, कारण गोष्ट आपल्यालाच रचावी लागते. ‘एट ऑफ स्वोर्ड्स’ (आठ तलवारींचा पत्ता) पाहा: दोन लांब तलवारी खाली टोक करून उभ्या आहेत आणि निरनिराळ्या घडणीची सहा लहान पाती त्यांना आडवी गेली आहेत. तळाचा ‘इंटरफिअरन्स’ (आडकाठी) हा शब्द कागदाच्या पट्टीने झाका, आधी जे दिसते तेवढेच लिहा, आणि आपल्या आयुष्यात आडवे कोण येते, की आपणच कुणाला आडवे जातो, हे त्यानंतर विचारा.

प्रतिसाद २
झाकण्याची युक्ती चांगली असली, तरी शब्द कायमचा टाळू नये असे मला वाटते. दोन ते दहा या क्रमांकांचे छत्तीस पत्ते राशिचक्राच्या दहा-दहा अंशांच्या छत्तीस भागांना जोडलेले आहेत. ‘एट ऑफ स्वोर्ड्स’वर मिथुनेतला गुरू आहे. पाश्चात्त्य ज्योतिषात तिथे तो दुर्बळ मानतात, म्हणजे विस्ताराची ओढ बारीकसारीक तपशिलांत अडकते. एवढे कळले तरी ‘इंटरफिअरन्स’ हा ठपका वाटत नाही. संपूर्ण कब्बाला शिकायची गरज नाही. तो नाद लागला की वही बाजूलाच राहते!

प्रतिसाद ३
एक सावधगिरी सुचवतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे वर्णन म्हणून सर्वांना एकच मजकूर दिला, तरी त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पत्ता ‘अगदी लागू पडला’ असे वाटणे हा म्हणूनच पुरावा नव्हे. वहीत एखादा विशिष्ट प्रसंग किंवा आपण बोललेले वाक्य उतरले तरच ती नोंद कामाची. ‘मी कधीकधी फार विचार करते’ हे कोणत्याही पत्त्याखाली खपते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. संच बदलत नाही. पट्टी लावून लिहीन, आणि शब्द वाचल्यावर जे सुचेल ते वेगळ्या शाईने खाली नोंदवीन, म्हणजे माझे कोणते आणि पत्त्याचे कोणते हे निवडता येईल.