आरोग्य-संवाद आणि जोखमीचे निर्णय : पुण्यात राहून यात संशोधन करता येईल का?

धायरीकर

नमस्कार. मानसशास्त्रात एमए नुकतंच पूर्ण झालं. २०२५च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण निघाले, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर मेसेजचा मारा चालू असायचा. आमच्याकडे पनीर बंद झालं, चिकन बंद झालं, शेजारच्या काकूंनी तर भात लावणं सोडलं. टँकरचं पाणी मात्र बरेच जण न उकळताच पीत होते आणि संशय होता तो पाण्यावरच! तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. माणसं एका धोक्याला एवढी घाबरतात आणि शेजारच्याच धोक्याकडे बघतही नाहीत, असं का? आणि त्यांना सांगायचं तरी कसं? यावर पीएचडी करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, आधी नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) दे, कुठल्या तरी कॉलेजात चिकट, मग काय ते कर. या कामात असलेलं कुणी इथे आहे का? रोज नक्की काय करता? माझं गणित बेताचं आहे, हेही सांगून टाकते.

शनिवारपेठी

एका आरोग्य प्रकल्पात दोन वर्षं फील्डवर होतो. काम मनापासून आवडायचं, पण करार अकरा-अकरा महिन्यांचा. घरी आजारपण निघालं तेव्हा सोडावं लागलं. त्यामुळे घरच्यांचं अगदीच चूक नाही. आधी जेआरएफ, म्हणजे नेटमधूनच मिळणारी संशोधनवृत्ती, काढ. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात. त्याच्या जोरावरच पुण्यात खोलीभाडं भरून वाचत बसता येतं.

रानजाई

धायरीकर, तू म्हटलं तर चालेल ना? या विषयात मला अठरा वर्षं झाली, आता शिकवतेही. रोज काय करतो ते एका दुपारवरून सांगते.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी जनता वसाहतीत मुलाखती घेत होते. एक मावशी उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कागदावरून एका कल्पित औषधाची माहिती वाचली : 'हे औषध घेणाऱ्या २ टक्के लोकांना त्रास होतो.' मावशींनी मान हलवली. प्रश्नावलीत 'समजले' यावर खूण करून मी पुढे जाणार होते, पण गाइडनी बजावलं होतं की समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगायला लाव. मावशी म्हणाल्या, "म्हणजे थोडासाच त्रास होणार. दोनच टक्के."

माझा आकडा होता किती जणांना त्रास होतो याचा. त्यांनी तो घेतला त्रास किती होतो म्हणून. त्याआधीच्या सगळ्या मुलाखतींत मी 'समजले' वर खुणा करत आले होते, त्या डोळ्यांपुढे आल्या. मग त्यांच्याच सुपात आम्ही शंभर दाणे मोजले आणि बाजूला काढलेल्या खड्यांतले दोन त्यात टाकले. मावशींनी बोटाने ते दाणे एकदा पसरवले, गोळा केले, पुन्हा पसरवले आणि विचारलं, "मग त्या दोन खड्यांत मी आहे का, हे तुमच्या कागदात आहे का?"

नव्हतं. कुठल्याच कागदात ते नसतं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या एका प्रश्नावर उभं आहे.

शब्दांनी केवढा फरक पडतो याचं एक उदाहरण मी दर वर्षी वर्गात सांगते. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. आकडा खरा होता. पण सात हजार बायकांमागे एक होती, तिथे दोन झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. ते कुणी नीट सांगितलं नाही. घाबरून बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आपल्याकडचं एक पत्रक मी स्वतः लिहिलं होतं, 'दहा हजारांत अमुक जणी' अशा भाषेत. एका कार्यालयाने छापताना परस्पर 'धोका दुपटीने वाढतो' करून टाकलं. छापील गठ्ठे हातात आले तेव्हा मला रडू फुटलं. आजही ते पत्रक आठवलं की राग येतो.

तुझ्या पनीर आणि पाण्याच्या प्रश्नासाठी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविकचा १९८७चा लेख वाच. जे अनोळखी आहे, ज्याची धास्ती वाटते आणि जे आपल्या हातात नाही, ते माणसाला मोठं वाटतं. टँकर रोजचा असतो, जीबीएस हे नाव पहिल्यांदा ऐकलेलं. हेल्मेट न घालता लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्याला भीती वाटत नाही, कारण हँडल त्याच्या हातात असतं. मग काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९८१चा प्रयोग बघ, ६०० माणसं मरतील अशा कल्पित साथीचा. 'नक्की २०० वाचतील' म्हटलं तेव्हा ७२ टक्क्यांनी तो खात्रीचा पर्याय घेतला. तीच गोष्ट '४०० मरतील' अशी मांडली, तर ७८ टक्के जुगार खेळायला, म्हणजे सगळे वाचतील किंवा कुणीच नाही असा पर्याय घ्यायला, तयार झाले. मी तो मराठीत करून पाहिला तेव्हा बरेच जण 'निदान दोनशे तरी वाचतील' असं ऐकत होते. भाषांतर करून भागत नाही, प्रश्न मराठीत नव्याने घडवावा लागतो. करण्यासारखं काम इथे ढीगभर पडलंय.

विश्वासाचा भाग मात्र या प्रयोगांत फारसा येत नाही, तो तू सोडू नकोस. १८९७ च्या प्लेगात सोजीर घरात शिरून तपासण्या करत, म्हणून याच पुण्यात लोक आजारी माणसं लपवत. सांगणारा कोण आहे, हे माणूस आधी बघतो.

गणिताचं म्हणशील तर लॉजिस्टिक रिग्रेशनपर्यंत (हो-नाही उत्तरांचा अंदाज बांधायची संख्याशास्त्रातली पद्धत) यावंच लागेल. त्यासाठीचं 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी तिशीत शिकले, रोज पहाटे तासभर बसून. एथिक्स कमिटीची मंजुरी यायला महिने जातात, ते हिशेबात धर. गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचार, पीएचडीला किती वर्षं लागली आणि फील्डवर सर किंवा मॅडम कधी आल्या का. शनिवारपेठी म्हणतात ते करारांचं खरं आहे. कायम जागा मिळायला मला नऊ वर्षं लागली आणि मधल्या दोन वर्षांत घर नवऱ्याच्या पगारावर चाललं. तशी सोय नसेल तर नेट आधीच दे.

औषधवाला

रास्ता पेठेत आमचं मेडिकल आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून खूश होऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना खरं काय ते काउंटरवर उभ्याउभ्या सांगावं लागतं आणि ते कसं सांगायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. रानजाईताई, तुमच्यासारख्यांनी दुकानांतही यावं.

रानजाई

येईन. व्यनि करते.

धायरीकर

ताई, काल जेवताना घरी विचारलं : '१० टक्के लोकांना त्रास होतो' म्हणजे काय? आई म्हणाली, थोडा त्रास. बाबा म्हणाले, दहा वेळा गोळी घेतली की एकदा. दोघं पदवीधर आहेत! दोन्ही उत्तरं तारीख घालून वहीत लिहून ठेवली. डिसेंबरच्या नेटचा फॉर्मही भरते.

रानजाई

उत्तरासमोर वय आणि शिक्षणही लिही. आणि बाबांना 'असं का वाटलं' हे विचारलंस का? विचार. त्या शेजारच्या काकूंनाही.